नवी काठी

४ मार्च

पोहोचले एकदाची. दोन ट्रंका, शिवणयंत्र, एक छत्री आणि मी, सगळे धडधाकट. टॅक्सीवाल्याने सामान रस्त्यावरच उतरवलं आणि चालता झाला. ताई फाटकाच्या आत उभी राहून मला सूचना देत होती: ही ट्रंक आधी घे, ती नको, यंत्र आपटू नकोस. स्वतः मात्र बाहेर पाऊल टाकलं नाही. गुडघे, म्हणाली. धाकट्या बहिणीने हमाली करायची आणि थोरलीने मुकादमी, हे आमच्याकडे लहानपणापासून ठरलेलंच आहे. मिठी मारली तेव्हा तिची हाडं लागली. भावजी गेल्यापासून पार वाळून गेली आहे.

पण बाग! फाटकापासून पायरीपर्यंत लोखंडी मांडव आणि त्यावर ती वेल. हाताच्या पंजाएवढी जांभळी फुलं, आत पांढरा गळा. खालून चालताना आपल्या कपड्यांवरही जांभळा उजेड पडतो. ताईला तिचं नाव माहीत नाही. भावजी कुठूनशी काडी घेऊन आले होते म्हणे. मी लगेच तिचं नाव महाराणी ठेवून टाकलं.

माझी खोली बागेकडची. खिडकीशी यंत्र मांडलं. भाड्याची खोली सोडताना आणि कारखान्याला रामराम ठोकताना जी धास्ती होती, ती आज गेली. ताई म्हणाली की आता इथून कुठे जायचं नाही, उरलेलं आयुष्य दोघींनी इथेच काढायचं. मला भरून आलं. आई गेल्यावर माझ्या वेण्या हिनेच घातल्या, ताप आला की उशाशी हीच बसली. माझं म्हणावं असं जगात दुसरं आहे कोण?

१० मार्च

महाराणीचे नखरे शिकते आहे. दिवसाआड पाणी, बुंध्याशी कुजलेला पालापाचोळा, आणि रोज नवे फुटवे बांधायचे. तार वापरायची नाही, खोडात रुतते. काथ्यासुद्धा नाही. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कपड्याच्या पट्ट्या हव्यात. तेही ताईचे चालत नाहीत. तिचे म्हणे सगळे संपले. माझ्या ट्रंकेतला राखाडी झगा तिने स्वतःच काढला, नाकाला लावून बघितला आणि म्हणाली, हा चांगला वापरलेला आहे. मी म्हटलं, एवढी वर्षं घामाच्या धारांत तोच अंगावर होता, वास तर येणारच. ती हसली नाही.

कापड उभ्या धाग्यावर फाडलं की सरळ फाटतं. एका दुपारी झग्याचा फडशा पाडला.

ताईने आज कुंडीतल्या एका छोट्या वेलीवर धडाही दिला. काठी कुजली होती, ती बदलायची होती. मी सरळ उपटायला गेले तर केवढ्याने ओरडली! जुनी काठी आधी काढायची नाही. नवी शेजारी रोवायची, वेल तिच्याशी सैलसर बांधायची आणि गप्प बसायचं. वेलीने आपणहून नवी धरली की मग जुनी अलगद काढून घ्यायची. घाई केली तर वेल मरते, काठीही हातची जाते. काठी कशी काय हातची जाते, असं मी विचारलं. तिने ऐकलं नसावं.

२३ मार्च

माझा पायगुण चांगला आहे, कोणी काही म्हणो. ताईचे गुडघे सुधारताहेत. काल फाटकापर्यंत गेली, आज फाटक उघडून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. शेजारच्या चष्मेवाल्या बाई कुंपणापलीकडून बघतच राहिल्या. नंतर मला म्हणाल्या की दोन वर्षांत तुमच्या बहिणीला मी बाहेर पाहिलेलं नाही, किराणासुद्धा दुकानदार आत आणून देतो. मी म्हटलं, आता मी आले ना. फुशारकीच मारली जरा.

महाराणीने माझ्या पट्ट्या लगेच ओळखल्या. जिथे राखाडी गाठ आहे तिथेच तिचे ते स्प्रिंगसारखे बारीक तंतू जाऊन गुंडाळतात. शेजारी मोकळी सळई असली तरी तिकडे ढुंकून बघत नाहीत.

जाडीचा फोन आला होता. कारखान्यात माझ्या बाजूच्या यंत्रावर बसायची, माझी एकुलती एक मैत्रीण, काडीसारखी आहे म्हणून जाडी. मला करमत नाही म्हणाली. सुट्टी मिळाली की ये, म्हटलं, आणि येताना तुझे जुने मऊ कपडे घेऊन ये, माझे संपत आले आहेत. चिंध्या मागायला एवढ्या लांब बोलावतेस का, असं विचारून खूप हसली.

७ एप्रिल

ताई बसने बाजारात जाऊन आली! एकटी! गालांवर रंग, हातात नवी चप्पल. मला म्हणाली, तू माझी सुटका केलीस. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. माझ्याही.

मी मात्र हल्ली लवकर दमते. ब्लाउजची एक बाही शिवली की आडवं व्हावंसं वाटतं. बाग मानवली नाही असं दिसतं. दुपारी डोळा लागला आणि जाग आली तेव्हा महाराणीचा एक शेंडा खिडकीच्या गजांतून आत येऊन यंत्रावर टेकला होता. सकाळी तो मांडवावर होता, मीच बांधला होता. ताईला सांगितलं तर म्हणाली की तिला तू आवडतेस.

वेण्या घालताना ताई माझा चेहरा हनुवटीला धरून वर करायची. आज तसाच धरून बराच वेळ बघत राहिली.

१६ एप्रिल

छाटणी करायला बुंध्याशी बसले होते. जुन्या खोडात काहीतरी रुतलेलं दिसलं. साल कापडावरून वाढली होती, नुसती कड बाहेर होती. निळं कापड, पांढरी रेघ.

हे कापड मी ओळखते. भावजींचा सदरा. मीच शिवला होता, त्यांच्या साठीला. काठावर माझी तुरपाई आहे, दोन टाके तिरके आणि एक सरळ, तसे दुसरं कोणी घालत नाही.

त्याच्या वरच्या अंगाला ताईच्या हिरव्या गाऊनच्या पट्ट्या. त्याही सालीत गेलेल्या, पण त्यांच्याभोवतीचं खोड वाळलं आहे. बोटाने सोललं तर पापुद्रे निघाले. आणि त्याच्या वर, जिथे सगळा रस आहे, जिथे फुलं आहेत, तिथे माझा राखाडी झगा.

ताईला विचारलं. भावजींना वेलीचं फार वेड होतं, म्हणाली. शेवटी शेवटी फाटकाबाहेरही जात नव्हते. एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून ठेवला.

२० एप्रिल

दोरा संपला म्हणून दुकानात निघाले. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत गेले. पुढे पाय उचलेनात. दुखत नव्हते, थकलेही नव्हते. कोणीतरी पाठीमागून पदर धरून ठेवावा तसं वाटत होतं. मागे वळून बघितलं, कोणी नाही. घराकडे तोंड केलं आणि पाय भराभर चालू लागले.

फाटकात ताई उभी होती. तिने विचारलं नाही की दोरा कुठे आहे.

२२ एप्रिल

भर दुपारी, लख्ख उन्हात, स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहिते आहे. भास नाही.

माझी एक गाठ सोडायला गेले. सुटेना, साल चढली आहे. कारखान्यातली कात्री आणली आणि पट्टीखालून घातली. कापली. मनगट फाटल्यासारखं झालं. बाही वर केली तर पट्टीएवढीच रुंद लाल रेघ, आणि रक्त. कात्री माझ्या हाताला लागलीच नव्हती. हात पानांपासून वीतभर लांब होता.

आणि कापलेल्या फांदीतून जे गळत होतं तेही लाल —

२३ एप्रिल

ताईने जखम बांधली. लहानपणी बांधायची तशीच, फुंकर घालून. मग मी तिची बाही वर केली. तिच्या दोन्ही हातांवर तशाच रेघा, जुन्या, पांढऱ्या पडलेल्या.

मग सांगितलं तिने. भावजी अंथरुणाला खिळले तेव्हा वेल सुकू नये म्हणून तिने आपल्या गाऊनच्या पट्ट्या बांधल्या. तिलाही काही माहीत नव्हतं. भावजी गेले आणि वेलीने तिला धरलं. दोन वर्षं. लेकीला परदेशात मुलगा झाला, त्याचा चेहरा तिने फोनवर पाहिला. तो आता चालायलाही लागला. नवं कोणीतरी हवं होतं. एकटं, ज्याची कोणी वाट बघत नाही असं.

मी विचारलं, आणि तुला मी आठवले? ती हो म्हणाली. खोटंसुद्धा बोलली नाही.

केसाने गळा कापला माझा. ज्या हातांनी केस विंचरले त्याच हातांनी.

२४ एप्रिल

गेली. छोटी बॅग, नवी चप्पल. फाटकापाशी थांबून म्हणाली की तिला कोरडं पडू देऊ नकोस, त्रास होतो. आणि म्हणाली, मी तुला लहानाचं मोठं केलं. बिल दिल्यासारखं म्हणाली.

मी मांडवाखाली उभी होते. एकच सांगायचं होतं तिला, ते तोंडातून निघालं नाही म्हणून इथे लिहिते. मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. ताई, तुझ्यासाठी मी हो म्हटलं असतं गं. दोन वर्षं काय, दहा वर्षं राहिले असते इथे. नातवाला खेळवून ये म्हटलं असतं. तू विचारायला तरी हवं होतंस.

रस्त्याच्या टोकापर्यंत तिने मागे वळून बघितलं नाही. गुडघे अगदी छान चालत होते.

१ मे

फुलं इतकी की पान दिसत नाही. येणारे जाणारे थांबून बघतात. मी आरशात बघत नाही.

चष्मेवाल्या बाईंना सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, बहिणीची फार सवय असते, थोडे दिवस जड जाईल. एक फांदी मागत होत्या. नाही म्हटलं.

५ मे

भाचीचा फोन. आई सुखरूप पोहोचली, बाळाला सोडतच नाही, म्हणाली. मागे ताईचं हसणं ऐकू आलं. लहानपणी हसायची तसं, मोकळं.

बोलतेस का आईशी, असं भाचीने विचारलं. मागचं हसणं थांबलं. आई कामात आहे म्हणे —

९ मे

खिडकी लागत नाही. शेंडे यंत्रावर, पलंगाच्या पायाला. मी झोपते तिथे येतात. टोचत नाहीत. नुसते धरून ठेवतात —

पाणी दिलं नाही दोन दिवस. जीभ सुकली, ओठ फुटले, माझे. तिसऱ्या दिवशी दिलं.

११ मे

जाडीचा फोन. रविवारी येते म्हणाली. खोली सोडली तिने, घरमालकाशी भांडण. मी येऊ नको म्हणणार होते. म्हणणारच होते. ती विचारत होती, किती दिवस राहू? तुला अडचण नाही ना? तसंही माझी वाट बघायला कोण बसलंय इथे —

मी म्हटलं, ये.

तिला समोरासमोर सांगेन. मी ताई नाही. मी विचारेन. नाही म्हणाली तर फाटकातून परत पाठवेन.

१४ मे

आली. फाटकातून ओरडत आली की तू बाग केलीस की जंगल! मांडवाखाली थांबली, मान वर करून. एका फुलाला हात लावला. वेल हलली नाही. शहाण्यासारखी, गप्प.

माझा चेहरा बघून रडली. ताईच्या नावाने बोटं मोडली. मी आता तुला सोडून जात नाही, म्हणाली.

सांगते. आता सांगते. चहा टाकलाय तिने, घेऊन येईल. चहा झाला की लगेच —

तिची पिशवी माझ्या यंत्रावर आहे. सगळ्यात वर पिवळा झगा. कारखान्यात घालायची तो. मऊ. अगदी मऊ. तिचा वास आहे त्याला. उभा धागा कुठला ते बघत होते नुसती. सवय म्हणून. कात्री हातात आहे तीही सवय —

आली. कप ठेवले. हसतेय. विचारतेय की एवढ्या चिंध्यांचं करतेस तरी काय, बाई?

मी तिला म्हटलं, अगं —