फिनेलची बाटली

गौरी येण्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी

सांगू की नको? संध्याकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

माझी नात गावच्या सांडपाण्याच्या टाक्या सांभाळते. मला त्याचा इतका आनंद, की सगळ्या आळीला दहादा सांगून झालंय. टाक्या झाल्या आणि खाडीत पुन्हा शिवल्या, त्या खायच्या शिंपल्या, मिळायला लागल्या. उन्हाळ्यात टोपलीभर आणल्या, काय चव! असो, भलतीकडंच गेले.

आज पोर रडवेली होऊन आली. "आजी, टाकीतले बारीक जीव मेले गं. तेच घाण खातात ना! आळीतून मोऱ्यांत फिनेल ओतलंय. आता हे पाणी खाडीत सोडू कसं?" वर शेजारची यमुना म्हणते कशी, "पोरीला जमत न्हाय, दुसरा माणूस बघा."

आणि ओतायला लावलं कोणी? मीच. गौर यायची म्हणून मोरी घासली, अख्खी बाटली ओतली. बायकांनाही म्हटलं, "ओता गो, हात आखडू नका." यमुनेनं तर दोन ओतल्या. माझी रिकामी बाटली अजून मोरीतच आहे. पोरीनं बघितली असेल का?

पोर म्हणाली, ताजं शेण कालवून घातलं तर जीव पुन्हा धरतील. शेण तर माझ्या गोठ्यातच!

उद्या गौर घरात घ्यायच्या आधी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन यमुनेच्या दारावरूनच जाईन. विचारेल, "कुठं गो?" सांगेन, "माझी एक बाटली निस्तरायला. तुझ्या दोन हायत, तूपण पाटी उचल."