आबांना कुणी विचारलं?

मुठा, ता. मुळशी
६ जानेवारी २०२५

सौ. गौतमीवन्संना,
जयाचा स. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. मामंजींची कॉट मधल्या खोलीत आहे. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली, उजवी बाजू गेली, पण कान शाबूत आहेत. फोनवर त्यांच्याबद्दल बोलू लागले की ते डोळे मिटून पडतात, आणि झोपलेले नसतात. म्हणून लिहिते. पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे तुम्हाला वाचायला सवड आहेच. सगळी सांगली सोडून घरच्याच जिन्यावरून कशी पडली, असं तुमचे दादा विचारतात.

पाण्याचा घोटही आता मामंजींच्या श्वासनळीत जातो. नाकातून घातलेली नळी त्यांनी डाव्या हाताने उपसून काढली. परत घातली, परत काढली. शेवटी तुमच्या दादांनी तो हात मऊ फडक्याने कॉटला बांधला. बांधताना मी बाहेर गेले.

डॉक्टर म्हणतात, कातडीतून थेट पोटात नळी बसवू. मी विचारलं, पोट फाडणार का? तर नाही, बोट जाईल एवढंही भोक नसतं, तोंडातून दुर्बीण घालून जागा बघतात आणि बाहेरून नळी आत घेतात. मग दोन-चार दिवस ठणका राहतो. पुढे गिळता यायला लागलं तर नळी काढता येते, भोक आपोआप बुजतं. आणि नाही आलं तर, असं मी विचारलं. तेव्हा नळी राहील, एवढंच ते म्हणाले. हे सगळं बोलणं कॉटच्या पायथ्याशी उभं राहून चाललं होतं. मामंजी भिंतीकडे बघत होते.

तुमचं मत कळवा. माया आहे ती राहू द्या.

तुमची,
जया


सांगली
११ जानेवारी

ती. जयावहिनीस,
गौतमीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दादाला सांग, जिना जुना आहे आणि मी त्याची बहीण आहे, पडायला एवढं पुरे.

नळीला माझी ना नाही. उपाशी ठेवण्यापेक्षा ती बरी. पण वहिनी, आबांना कुणी विचारलं का? अख्ख्या मुठ्यात भात चाखून तो कुठल्या खाचराचा ते सांगणारा माणूस आहे तो. त्याला तोंडाने घास मिळणार नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. डावा हात चालतो ना? हो असेल तर दाब, नको असेल तर सोड, असं सांगून बघा. आणि तो हात बांधू नका गं. मला इथे झोप लागत नाही.

आईला नमस्कार. मी अशी लांब आहे म्हणून मला वगळू नका.

तुझी,
गौतमी


मुठा
२ फेब्रुवारी

सौ. गौतमीवन्संना,
स. न. वि. वि.

नळी बसली. हात सोडला आहे, आणि या नळीला ते हात लावत नाहीत. पातळ गाळलेलं अन्न सिरिंजने सोडायचं, आधी आणि नंतर पाणी, डोकं उंच ठेवायचं, नंतर तासभर आडवं करायचं नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत नळी निसटली तर घरी परत खुपसायची नाही, भोक धरलेलं नसतं, तसंच दवाखान्यात आणायचं, असं सिस्टरनी बजावलं. तोंडाने काही देऊ नका, हेही बजावलं.

तुम्ही सांगितलेलं विचारायचं राहिलं. तुमचे दादा म्हणाले, त्यांना काय कळतंय आता, उगा घाबरवू नको. मीही त्यांचंच ऐकलं.

घर बदललं आहे वन्सं. आम्ही मागच्या पडवीत पाठ फिरवून जेवतो. फोडणीचा वास गेला की मामंजींचे ओठ हलतात. पोट भरलेलं असतं, तरी हलतात. आणि परवा त्यांचं तोंड पुसताना जिभेखाली भाताचं शीत सापडलं. मी कुणाला बोलले नाही. तेव्हापासून छातीत घरघर आहे. घरात मी, तुमचे दादा आणि आत्याबाई, एवढीच माणसं.

काय करू ते लिहा. जीव लावता तो लावतच राहा.

जया


सांगली
७ फेब्रुवारी

ती. जयावहिनीस,
सा. न. वि. वि.

ती आईच आहे. तिला रागावू नकोस. घरघर मात्र डॉक्टरांना आजच्या आज दाखव, पत्राची वाट बघत बसू नकोस; हे लिहून झालं की फोनही करतेच. दादाशी मी फोनवर भांडणार आहे, तेव्हा तू घराबाहेर जा.

तुझ्यावर सगळं टाकलंय, ते पोटात घाल.

गौतमी


मुठा
२१ फेब्रुवारी

सौ. गौतमीवन्संना,
स. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला तुटक तुटक कळलं, आता नीट लिहिते. दवाखान्यात नेल्यावर दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया निघाला. आत्याबाईंनी तिथल्या बाकावर बसून आपणहून सांगितलं. म्हणाल्या, मी इचारलं त्यांना. म्हनलं, भात हवा का. माझा हात असा दाबला की सोडंनात. ठसका लागंल, जीव जाईल म्हनून सांगितलं, तरी सोडंनात. मग मी काय करायचं हुतं?

तुमचे दादा आईवर ओरडतील असं मला वाटलं. ते आईशेजारी बाकावर बसले. डॉक्टर म्हणाले, तोंडाचा घास नसता तरी लाळ आत जाऊन हे होऊ शकलं असतं, नळी ते थांबवत नाही. हे आधी सांगितलं होतं म्हणाले. सांगितलंही असेल, आम्हाला ऐकू आलं नसेल.

मग श्वासाचं मशीन लावायचं का, असा प्रश्न आला. सही करायला तुमच्या दादांना बोलावलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, मामंजींचा डावा हात हातात घेतला आणि कानाशी वाकले. आबा, मशीन लावायचं का, म्हणून विचारलं. मामंजींनी हात सोडवून घेतला. परत विचारलं, परत तेच. मग घरी जायचं का म्हणाले, तेव्हा तुमच्या दादांची बोटं पांढरी होईपर्यंत दाबली. डॉक्टर शेजारीच होते. त्यांनीही एकदा स्वतः विचारून खात्री केली.

घरी आणलं आहे. श्वास लागू नये म्हणून औषध दिलं आहे, ते नळीतून देते. तुमचे दादा ज्या बंगल्यांची राखण करतात, ती त्यांनी सध्या दुसऱ्यावर सोपवली आहे. दिवसभर कॉटशी बसतात आणि एकेक विचारतात. खिडकी उघडू का, कूस बदलू का, आई हितंच बसू दे का. मामंजी उत्तर देतात.

आज विचारलं, गौतमीला बोलावू का. दाबला. फोनवर ते बोलणं तुमच्या दादांना जमेना, म्हणून तुम्हाला आणायला गाडी केली आहे, आणि हे पत्र त्या गाडीवाल्याबरोबरच पाठवते. प्लास्टरसकट या. ओट्यावर तुमचे दादा उचलून घेतील. पण वाटेत कुठे थांबू नका, वन्सं. दाबला म्हणाले तरी मी बघितलं, नुसती बोटं हलली.

दारात उभी आहे,
जया