अंबाडी समुद्रात टाकली तेव्हा

बाबा, तुम्ही कधी समुद्र पाहिला नाही, म्हणून माझं काम तुम्हाला कसं सांगावं हे अजून सुचत नाही. अंबाडीच्या सालीचे धागे, म्हणजे आपला वाख, आणि मक्यापासून केलेलं प्लास्टिक गरम दाबून आम्ही पट्ट्या करतो, जाळीच्या पिंजऱ्यात घालून खाडीच्या तोंडाशी बुडवतो आणि काही महिन्यांनी वर काढून पाहतो, किती कुजलं. हे प्लास्टिक कुजतं म्हणूनच विकलं जातं. पण त्याला उकिरड्याच्या पोटातली ऊब लागते. समुद्रात ती कुठली? तिथे ते बहुतेक तसंच राहतं.

अंबाडीसाठी मी धानोऱ्याकडे, आपल्या गावी गेले. वहिनीकडेच जावं लागलं. तुमच्यामागे गावात अंबाडी बोडीच्या पाण्यात कुजवून वाख काढणारी तीच एक उरली आहे. तिला तुम्ही शिकवलंत, दोर वळणं आणि जाळ्याची गाठसुद्धा. मी लहानपणी जाळं विणायची सुई हातात घेतली की तुम्ही ती काढून घ्यायचात. ‘तू शाळेत जाय माय. जाळं विणून तुले काय भेटन?’ मी गेले. चंद्रपूरच्या वसतिगृहातून सुटीत परतले, तर अंगणात डोक्यावर पदर घेऊन वहिनी तुमच्यासमोर बसलेली. तिची चुकलेली गाठ तुम्ही सोडवता आहात आणि हसता आहात. मी पिशवी घेऊन फाटकात उभी आहे, तुमचं लक्ष नाही. माझ्या गुणपत्रिकेवर तुम्ही मान हलवायचात, हसल्याचं आठवत नाही.

तुमचं शेवटचं दुखणंही तिच्याच वाट्याला आलं. मी पोचले तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते अंबाडीच्या या खेपेला तिला विचारलं. ‘मले काऊन नाई कळवलं?’

वाखाची जुडी बांधता बांधता वहिनी म्हणाली, ‘मामाजींनीच मना केलं होतं, ताई. म्हणत, तिची परीक्षा आहे, तिले नोको सांगू. रोज तेच बोलून राह्यले होते. मंग मी काय करू?’

माझी काळजी होती तुम्हाला, हे कळलं. पण मनात आलं ते वेगळंच, की ‘रोज’ हा शब्द तिला मिळाला. तुम्ही रोज काय बोलत होता, पाणी कसं मागत होता, हे तिला ठाऊक आहे. मला फक्त परीक्षेचा निकाल मिळाला.

परवा तिच्या वाखाच्या पट्ट्या वर काढल्या. वाख पाणी पितो, फुगतो आणि प्लास्टिकपासून सुटतो. त्या फटीतून बुळबुळीत थर आत शिरतो, त्यातले जंतू वाख खातात. पट्टी बोटांत चुरली. वाख जवळजवळ गेला होता, प्लास्टिकचे तुकडे तेवढे हातात राहिले. नुसतं प्लास्टिक तसंच राहतं, ही पट्टी निदान तुटली, म्हणून आमचे साहेब खूश झाले, अंबाडी आणखी मागवा म्हणाले.

म्हणून काल गावी फोन लावला. वहिनीने अंबाडीचं कबूल केलं आणि मग चाचरत म्हणाली, ‘ताई, माझ्या पोरीले तुमच्याजवळ ठेवता का कॉलेजले? मले तिच्याबिगर करमणार नाई, पण शिकन बिचारी.’ मी लगेच हो म्हटलं. तिला रडू आलं, किती मोठं मन आहे तुमचं, म्हणाली. तुम्हीही तसंच म्हणाला असता. बाबा, त्या क्षणी मला पोरीच्या शिक्षणाचं काही वाटलं नव्हतं. वहिनीला करमणार नाही, हेच ऐकून बरं वाटलं होतं.