काचेचा की हिरवा

पॅरिस,
संत मार्कच्या सणाचा दुसरा दिवस, १४७१

चि. तिबो यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं खुशाल. मी ठणठणीत, आणि मांजर माझ्याहून ठणठणीत. उपवासाच्या चाळीस दिवसांत खारवलेले मासे खाऊन जीव विटला होता. त्यात आपला धंदा पोथ्या रंगवायचा, म्हणजे अंडी रोज फोडायची, पांढरा बलक सोनं चिकटवायला घ्यायचा आणि पिवळ्याकडे नुसतं बघत बसायचं. ईस्टरच्या दिवशी मी एका बैठकीत सहा अंडी खाल्ली. कोणाला सांगू नकोस.

समोरच्या जिलेतनं तिसरं लग्न केलं. नवरा चर्मपत्रं बनवतो, त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी आधी वास येतो आणि मग तो. जिलेत म्हणते, "पहिले दोघं कधी आले, कधी गेले, कळायचं नाही. हा निदान वर्दी देऊन येतो!"

आता खरी गंमत ऐक. ओदिनबाईसाहेबांनी एक बखर लिहून घेतली आहे आणि तिच्यातली चित्रं काढायचं काम आपल्या कारखान्यात आलं आहे. त्यात आपल्या आजोबांच्या वेळचा तो वेडा राजा आहे, शार्ल. तलवार उपसून स्वतःच्याच माणसांवर धावून गेला तो प्रसंग जिरार उस्तादांनी स्वतःकडे ठेवला. असली चित्रं त्यांना हात न थरथरता जमतात. दुसरं पान मला दिलं. राजा मधूनच स्वतःला काचेचा समजायचा, हात लावाल तर फुटेन म्हणायचा, कपड्यांत लोखंडी पट्ट्या शिवून घ्यायचा, ते पान. कधीकधी तर घरच्या माणसांनाही तो ओळखत नसे.

असो. उस्तादांचं सांगते. सोनं घोटायला त्यांच्याकडे कुत्र्याचा दात आहे, पण तोंडात स्वतःचा एकही उरलेला नाही. दारातून जाता जाता पाव चघळत म्हणाले, "पेरेत, मोठ्या चौकटीत राजा काढ. व्हेरचा." आता 'व्हेर' म्हणजे काचही आणि 'व्हेर' म्हणजे हिरवाही. बखर काही मी वाचली नव्हती. हे काचेचं प्रकरण मला नंतर कळलं. मी म्हटलं, हिरवा! मे महिन्यातला राजा असणार.

मग काय, मन लावून काढला. हिरवा अंगरखा, डोक्यावर पानांचा मुकुट, हातात कोवळी डहाळी. भोवती दरबारी मंडळी, आणि एका जाड्या सरदाराकडे हिरवं पानच नाही, तो पकडला गेलाय आणि राजा खो खो हसतोय. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला अंगावर हिरवं पान नसेल त्याला पकडायचं, त्या खेळात तू कसा दाराआड दबा धरून बसायचास आणि "सापडलीस! हिरवं कुठाय तुझं?" म्हणून ओरडायचास, ते आठवत होते. चित्र कधी पूर्ण झालं कळलंसुद्धा नाही.

उस्तादांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बये, काचेचा! काचेचा राजा सांगितला होता!"

"दात नसलेल्या माणसानं रंग तोंडी सांगू नयेत," मी म्हटलं.

ते सुरी घेऊन पान खरवडायला निघाले, तेवढ्यात ओदिनबाईसाहेब पायरी चढून आत. जिलेतही कशाला तरी मागे मागे आलेली. बाईसाहेबांनी पान हातात घेतलं. आधी हसल्या, मग पान खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा न्याहाळलं. माझा जीव टांगणीला.

"खरवडू नका," त्या म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं गादीवर होता हा माणूस. जिथं बघावं तिथं त्याचे डोळे वटारलेले आणि हातात तलवार. रोज का तलवार घेऊन धावत होता? एखादा दिवस हसलाही असेल की." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चेहरा फार जिवंत आहे. कोणाचा?"

विचार करायला सवडच मिळाली नाही, तिबो. तोंडून निघून गेलं, "माझ्या भावाचा."

जिलेत कान टवकारूनच होती. "म्हणजे तो ब्रुजला गेलेला?"

तर आता हे तुला सांगायलाच हवं. चार वर्षं मी सगळ्या गल्लीला सांगत होते की तू ब्रुजला आहेस. मोठ्या सरदाराची प्रार्थनेची पुस्तकं रंगवतोस, तिकडचं लोणी तुला मानवलंय, अंगानं भरलायस. काय काय रचलं मी! एका नाताळात तर तुझं लग्नही ठरवलं होतं, मग घाबरून मोडलं.

आणि खोटं तिथं सुरू झालं नव्हतं. ते छोट्या पुलावर सुरू झालं. तू कठड्याला घट्ट धरून उभा होतास, ओरडत होतास, भोवती माणसं जमली होती. मी धावत आले. तू माझ्याकडे पाहून म्हणालास, "ही बाई कोण?" शिपायानं मला विचारलं, "तुमचा कोणी आहे का हा?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "नाही. मी ओळखत नाही याला."

तुला आजारानं ओळख पटली नाही. मी तर धडधाकट होते.

डोकं फिरलेल्यांना बरं करणाऱ्या संताकडे, लार्शाँला, जाणाऱ्या गाडीत तुझ्या अंगावर कोणीतरी घोंगडी टाकली होती ना, ती माझी. नाव सांगायची छाती झाली नाही. मेणबत्त्यांच्या सणाला तिथल्या फादरांचं पत्र आलं, की तू आता बराच शांत आहेस, धर्मशाळेच्या बागेत काम करतोस, आणि बहिणीला नाव घेऊन विचारतोस. ते पत्र मी रोज वाचलं आणि उत्तर एकदाही लिहिलं नाही. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

त्या दिवशी कारखान्यात मात्र मी जिलेतला म्हटलं, "ब्रुजबिज काही नाही. माझा भाऊ आजारी आहे, लार्शाँला आहे." वाटलं, आता गल्ली कोसळणार. जिलेत म्हणाली, "अगं वेडे, एवढंच? मला वाटलं, तो तिकडे जाऊन श्रीमंत झाला नि तुला विसरला. चार वर्षं शिव्या घालतेय मी त्याला!" उस्तादांनी सुरी खाली ठेवली आणि नाक शिंकरत म्हणाले, "आण त्याला घरी. चेहऱ्यावर गुलाबी छटा द्यावी ती त्यानंच. तुझी गाजरासारखी होते."

तर मी येते आहे. सोमवारी यात्रेकरूंच्या गाड्या निघतात, तिसऱ्या दिवशी पोचेन. यायचं की नाही ते तू ठरव. बागेतच बरं वाटत असेल तर मी चार दिवस राहीन आणि पुन्हा येत जाईन. फादर लिहितात की चांगले दिवस असतात तसे वाईटही असतात. मी पोचेन तो दिवस कुठला असेल, देव जाणे. नाही ओळखलंस तरी मी परत फिरणार नाही. खुशाल विचार, "ही बाई कोण?" या खेपेला मी उत्तर देईन, आणि धर्मशाळेच्या सगळ्या अंगणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं देईन.

तुझी, आता चारचौघांतसुद्धा सख्खी,
बहीण
पेरेत