न जळणारा पडदा

३ फेब्रुवारी

आले एकदाची म्हैसूरला! आईने इचलकरंजीहून दिलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या प्रवासातच संपल्या. हूटगळ्ळीतली खोली छान आहे, खिडकीसमोर शेवगा आहे. घरमालकीण गिरिजाबाई इथल्या जुन्या मराठी घरातल्या, पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते म्हणे. त्यांचं कानडीत भिजलेलं मराठी ऐकून हसूच आलं. “स्वल्प कॉफी घे की गं, सुम्ने उगाच लाजू नको!” त्या कॉफीनंतर आजवर प्यायलेली सगळी गढूळ पाण्यासारखी वाटली.

४ फेब्रुवारी

मेटगळ्ळीतली आमची प्रयोगशाळा लहान, पण लख्ख. हॉटेलं, थिएटरं, दुकानं यांच्यासाठी पडदे आणि खुर्च्यांची कापडं औषध चढवून आगरोधक करतात. ती खरंच पेट घेत नाहीत ना, हे आम्ही तपासायचं. काचेच्या दाराच्या पेटीत पट्टी टांगायची, खालून बर्नरची ज्योत लावायची, ती काढल्यावर कापड किती वेळ जळत राहतं आणि कुठवर काळं पडतं ते मोजायचं. प्रमुख विक्रांत सर मूळचे पुण्याचे. म्हणाले, चैत्राली, एखाद्या हॉलमधली सगळी माणसं या पट्टीला लटकलेली असतात. वाक्य मनात राहिलं. मशीन सांभाळणारे मानाजीराव कॉलेजातल्या मुलीचा, वाणीचा, फोटो दाखवत होते.

७ फेब्रुवारी

आज एक अजब कापड आलं. नव्या हॉटेलच्या सभागृहाचा मरून पडदा, कुणा नव्या कारखान्याने औषध चढवलेला. ज्योत लावली, काढली, कापडावर डाग नाही. पिवळासुद्धा पडला नाही! हात लावला तर गार. पेटीतला तापमापकही हलला नव्हता. विक्रांत सर इतके खूश की सगळ्यांना मसाला डोसा मागवला.

एकच विचारायचं राहिलं. ज्योतीची उष्णता गेली कुठे?

संध्याकाळी आरशात पाहिलं तर माझा पेटीकडचा गाल लाल झालेला. दुखतोय.

१० फेब्रुवारी

मानाजीराव भाजले.

त्याच मरून पडद्याची पट्टी त्यांनी लावली होती. मी टेबलापाशी, ते पेटीपाशी. दार घट्ट बंद, काच थंड. एकदम किंचाळून त्यांनी हात धरला. बाही वर केली तर कोपरापर्यंत फोड. बाहीला काही झालेलं नाही. मला विचारत राहिले, “पेटीतली आग पेटीतच पाहिजे की! माझ्या हाताला कशी आली, हेळी, सांगा की?”

दवाखान्यात पोचवून आले. वाणीला फोन मीच केला.

१२ फेब्रुवारी

आज एकटीने करून पाहिलं. ज्योत आपोआप लागेल असं बटण लावलं आणि बाहेर जाऊन खिडकीतून बघत राहिले. पेटीच्या वर भिंतीवर पाल होती.

ती खाली पडली. कोळसा झालेली. भिंतीचा रंग जसाच्या तसा.

कापड आग विझवत नाही. ते आग देऊन टाकतं. जो जीव सगळ्यात जवळ असेल त्याला.

१३ फेब्रुवारी

विक्रांत सरांना पाल दाखवली. रागावले नाहीत, उलट काळजीने बोलले. मानाजीरावांना औषधाची ॲलर्जी असेल, तू दोन दिवस सुट्टी घे म्हणाले. पडदा पास झाला आहे. हॉटेलात लागलाही आहे. सोमवारी हॉटेलवाल्यांसमोर ते स्वतः त्याला आग लावून दाखवणार आहेत.

मी हात जोडले. त्यांना वाईट वाटलं, माझ्यासाठी.

१७ फेब्रुवारी

लिहिता येत नाही, तरी लिहिते.

सरांनी पेटता बोळा पडद्याला लावला. मी ओरडले, सर, लांब व्हा. ते वळून माझ्याकडे हसले. लोक टाळ्या वाजवत होते. हसताना त्यांच्या तोंडातून वाफ आली. थंडी आहे, असं वाटलं मला. मग वास आला.

पांढरा शर्ट स्वच्छ होता. इस्त्रीची घडीही मोडली नव्हती. शर्टाच्या आत—

नाही.

१९ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणतात विजेचा धक्का. हॉटेलवाले म्हणतात अपघात, पडद्याचा काय दोष. अग्निशमनच्या साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, “मॅडम, पडदा जळत नाही, ही तुमची तक्रार आहे?”

गिरिजाबाई म्हणतात, घरी जा मगा, आईकडे जा पोरी. तिकीट काढलं.

२२ फेब्रुवारी

तिकीट रद्द केलं. उद्या सकाळी सभागृहाचं उद्घाटन आहे. शाळेतल्या मुली नाचणार आहेत.

२३ फेब्रुवारी

हॉलमध्ये आहे. पडदा कापायला कात्री आणली होती, दारावर काढून घेतली. मॅनेजरला सांगितलं, हसला. जळणारच नाही तर घाबरता कशाला म्हणे.

मुली पडद्याला टेकून रांगेत उभ्या. छोट्या. केसांत अबोली.

वर, पडद्यामागे, वायर तडतडते आहे. ठिणग्या. ओरडले. सगळे वर बघतात — धूर नाही, जाळ नाही — पुन्हा बसतात. दोन माणसांनी बाहेर काढायला माझा हात धरला. हात सोडवून स्टेजवर पळाले.

मुलींना पुढे ढकललं. मधे मी. पाठ पडद्याला. गार आहे अजून. वही हातातच. कुणाला तरी कळायला हवं म्हणून —

माणसं स्टेजवर चढत नाहीत. का थांबली? माझ्या चेहऱ्याकडे बघताहेत. तोंडातून वाफ येते आहे माझ्या.

मुलींनो, लांब. अजून लांब. एक चिमुरडी ठिणग्यांच्या बाजूने, पडद्याला घासत परत येते आहे, माझा हात धरायला — नको, बाळा, नको, तू माझ्याहून जव—