सरांची खोली

१७ डिसेंबर, बुधवार

पाटी झाकली! सकाळी भाजीला निघाले, तर खांदा कॉलनीच्या समाजमंदिरात तालमीच्या खोलीवर वर्तमानपत्र चिकटवलेलं. ‘चारुदत्त रणदिवे नाट्यतालीम कक्ष’ — आमचे हे गेले त्या वर्षी लावलेली पाटी. शिडीवर महापालिकेचा माणूस, हातात खळीचा डबा. म्हणाला, “आचारसंहिता लागलीय. पाटीवर नाव दिसलं की झाकायचं.” यांना तो नगरसेवक समजला. हे आयुष्यात सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा झाले नाहीत.

राग यायला हवा होता. आला नाही. कोथिंबीर घेऊन घरी आले.

२० डिसेंबर, शनिवार

निकेश आला होता. यांच्या बालनाट्यात दरवर्षी राक्षस व्हायचा, आता निवडणुकीला उभा आहे. पाटीचं त्याला फारच लागलंय. “काकू, सरांचा अपमान हाय हा. माझ्या जाहीरनाम्यात पयलं वचन हेच — सरांच्या खोलीला कोनाला हात लावू देनार नाय.”

त्याच्यासमोर प्राची म्हणून एक मुलगी उभी आहे. तिच्या पत्रकात खोली सगळ्यांना खुली — मुलांचा नाच, म्हाताऱ्यांचा कॅरम, ज्याला जे हवं ते. नाव कुणाचंच नाही. “कॅरम! सरांच्या खोलीत!” निकेशचा आवाज चढला. मग मला सभेला यायला सांगितलं. बरं म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणते.

२४ डिसेंबर

दूध नासलं. बाकी काही नाही.

२८ डिसेंबर, रविवार

खोली उघडी होती!

हे गेल्यापासून तिथं एकही तालीम नाही. आत यांचा फोटो, हार, यांची खुर्ची. जयंतीला उघडतो, पुण्यतिथीला उघडतो, परत कुलूप. कुणी विचारलंच तर वॉचमन बळीराम सांगायचा, “सरांची खोली हाय, देता येनार नाय.” आज आत सात-आठ मुली लेझीम बसवत होत्या. बळीराम चाचरत म्हणाला, “नाव दिसलं नाय, म्हनून इचारायला आल्या. मी पन दिली चावी.”

यांची खुर्ची कोपऱ्यात सरकवलेली, तिच्यावर ओढण्यांचा ढीग. मी पायरीवर बसले. मुली चुकत होत्या, हसत होत्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे असते तर आधी ओरडले असते, मग सगळ्यांना वडापाव मागवला असता. पायाला मुंग्या आल्या तेव्हा कळलं, बराच वेळ झाला.

बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि त्याची लाजही वाटली.

६ जानेवारी, मंगळवार

सभा झाली. मला पुढे बसवलं, शाल घातली. निकेशने भाषणात सांगितलं, खोलीला त्यानं स्वतः कुलूप घालून घेतलंय. खाली उतरल्यावर मला म्हणाला, “काकू, पोरींनी सरांची खुर्ची कोपऱ्यात टाकलेली. मी सोताच्या हातानं पुसून जाग्यावर ठेवली.” मनापासून बोलत होता. त्या मुली आता कुठं जातात, विचारायचं होतं. शाल टोचत होती.

१० जानेवारी

मुली पार्किंगमध्ये नाचतात. गाडी आली की बाजूला होतात.

१५ जानेवारी, गुरुवार

मतदान. आमच्या प्रभागात चार मतं द्यायची. तीन बटणं पटापट दाबली — कुणाला, ते आत्ताही आठवत नाही. चौथ्या जागेला निकेश आणि प्राची, एकाखाली एक. हात तसाच राहिला. टेबलामागून बाई म्हणाल्या, “आजी, झालं नाही अजून. शेवटचं बटण दाबल्याशिवाय मशीन वाजत नाही.” रांगेत कुणीतरी खाकरलं.

दाबलं. वाजलं.

नाक्यावर निकेश हात जोडून उभा होता. “सरांसाठी ना, काकू?” हो म्हटलं.

१६ जानेवारी

निकेश पडला. थोडक्यात पडला म्हणे.

संध्याकाळी तोच घरी आला, माझं सांत्वन करायला. “सरांची खोली नाय राखता आली मला.” एवढा मोठा बाप्या, हुंदके देऊन रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. चहा दिला. प्राचीला मत मी दिलंय, हे काही माझ्या तोंडून निघेना.