वरच्या खोलीतली योलांदा

अंथुर्णे,
२ जुलै २०२५

चि. संस्कृतीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

हिकडं समदी खुशाल हायती. फोनवर तू घाईत असतीस, म्हणून लिहिते. तुजी वरची खोली भाड्यानं दिली. योलांदा म्हणून एक बाई ऱ्हायला आलीया. पेरूची हाय. पेरू म्हंजी आपल्या बागेतला न्हवं, त्या नावाचा देश हाय. तुज्या आप्पांनी तिला पयल्यांदा इचारलं, की येताना रोपं आणलीस का.

ती शास्त्रज्ञ हाय. शेरडा-मेंढरांपासनं माणसाला जो ताप येतो, त्याचा अभ्यास करायला बारामतीला आलीया. वस्त्यांवर जाती, जनावरांचं आन् माणसांचं रक्त तपासाया नेती. मराठीचे चार शब्द येत्यात, त्यातला एक ‘आई’. मला तशीच हाक मारती. तिचे कपडे वाळंनात म्हणून तुजा निळा कुर्ता दिला, तर अगदी बेतल्यावानी बसला. भाकरी थापायलाबी शिकली. पयली भाकर नकाशावानी झाली, आता गोल व्हती. तुजी अजून व्हत न्हाय, आठवलं म्हणून लिहिलं.

थंडीत कान झाकत जा. हितल्या मायेला अंतर देऊ नको.

तुजी आई,
साखरबाई


लाइपझिग,
२१ जुलै २०२५

तीर्थरूप आईस,
शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. इथं उन्हाळा आहे, कान उघडेच आहेत.

तो निळा कुर्ता मी दिवाळीला घालायचा म्हणून ठेवला होता. आणि ती तुला ‘आई’ म्हणते, तर तू ‘ओ’ देतेस का, ते लिहिलं नाहीस. देतच असशील.

तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. दोन वर्षांपूर्वी बारामतीच्या त्याच कामासाठी मी अर्ज केला होता. प्रत्यक्ष वस्त्यांवर काम केल्याचा अनुभव नाही, म्हणून मला घेतलं नाही. आपल्या सिद्धूकाकाच्या मेंढरांत वाढलेल्या मुलीला अनुभव नाही, आणि समुद्रापलीकडून आलेल्या बाईला आहे. आता मी इथं माशांच्या हृदयांचा अभ्यास करते. काम चांगलं आहे, माणसंही चांगली आहेत. पण माझं काम तिनं घेतलं, माझी खोली घेतली, आणि भाकरीही म्हणे तिची गोल. मला हे सोसत नाही, आई. नको म्हटलं तरी मन तिथंच जाऊन बसतं.

एवढी कोण लागून गेली ती? एवढ्या लांब कशी पोचली, ते विचार. तिच्या वडलांची मोठी ओळखपाळख असणार.

आप्पांना नमस्कार. रागावून लिहिलं तरी मी तुझीच आहे, विसरू नकोस.

तुझी,
संस्कृती


अंथुर्णे,
११ ऑगस्ट २०२५

चि. संस्कृतीस,
आईचे आशीर्वाद, रागासकट.

व्हय, ‘ओ’ देते. तू तिकडं तापानं पडली हुतीस तवा तुज्या घरमालकिणीनं उशाशी बसून सूप पाजलं. तू तिचं कवतिक करत हुतीस, आन् माज्या पोटात दुखत हुतं. मी कुणाला बोलले न्हाय. तूबी जरा सोस.

तू इचारलं म्हणून मी तिला इचारलं; तिच्यासंगं वस्तीवर जाणाऱ्या पोरीनं मराठीत उलगडून सांगितलं. तिचं घर डोंगरावर, आपल्यावानीच जनावरांमागं फिरणारं. अल्पाका म्हणून उंच मानेची लोकरीची जनावरं असत्यात, ती राखायची. घरात बोलायची भाषा येगळी, शाळेतली येगळी. पोरं तिच्या बोलण्याला हसायची. सरकारी शिष्यवृत्तीवर शहरात शिकली, मग ब्राझीलला गेली. तितं दिवसा शिकायची आन् संध्याकाळी प्रयोगशाळेतली भांडी धुवायची. स्पेनमधी डॉक्टरेट करत हुती तवा बाप गेला. लई दिवस त्याला ताप यायचा-जायचा, कंबर धरायची. डॉक्टर म्हणायचे वय झालं. बाप गेल्यावर तिनं अभ्यास केला, तवा तिला कळलं की त्यो ताप जनावरांकडनं आला हुता आन् औषधानं बरा व्हण्यासारखा हुता. मग तिनं जलमाला त्योच रोग धरला. वडलांची ओळख म्हणशील तर येवढीच.

आता एक गोष्ट सांगते, घाबरायचं न्हाय. मलाबी त्योच ताप हुता. फाल्गुनात सिद्धूभावजींच्या मेंढ्या गाभडल्या, दिवस भरायच्या आत मेली कोकरं पडली, तवा मी उघड्या हातानं सोडवल्या. तवापासनं अंग मोडायचं, रातीला घामानं उशी भिजायची. दवाखान्यात टायफॉईडच्या गोळ्या दिल्या. तुला कळवलं न्हाय, तू कामाच्या घाईत हुतीस. योलांदा गच्चीवर रोज सकाळी माजा उशीचा अभ्रा वाळत पडलेला बघायची. एक दिवस अभ्रा हातात धरून खाली आली आन् माज्या म्होरं बसली. म्हणाली, की आई, तुमचं रक्त घेऊ द्या. मी न्हाय म्हणाले, तर उठंना. रक्तात त्योच रोग निघाला. आता डॉक्टरांचं औषध चालू हाय, कंबर हलकी वाटती. तुला सांगू नको, अशी शपथ मीच तिला घातली हुती.

जेवण टाळू नको. माया हाय तशी ऱ्हाऊ दे.

आई


लाइपझिग,
३० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आईस,
शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं त्या दिवशी फोन केला तेव्हा मी नुसती रडले. बोलायचं राहिलं, ते आता लिहिते.

तुझा ताप तिनं ओळखला. रोज फोनवर तुझा आवाज मी ऐकत होते, आणि आवाज दमलेला आहे एवढंही मला कळलं नाही. औषधानं तुला बरं वाटतंय याचा आनंद आहेच, पण त्या आनंदातही ती मध्ये उभी राहते. रागाच्या भरात मी तिला मेल केली. मी मुलगी असून तुम्ही मला अंधारात कसं ठेवलंत, असं विचारलं. तुमच्यामुळे मला माझ्याच आईचा हेवा वाटायला लागलाय, असंही लिहून गेले. तुझा म्हणायचं होतं की तिचा, मलाही कळलं नाही.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘रोग्यानं सांगू नको म्हटलं तर तपासणाऱ्यानं सांगायचं नसतं, तो हक्क तुझ्या आईचा होता’, असं तिनं स्पष्ट लिहिलंय. माफी मागितलेली नाही. पुढं लिहिलंय, ‘माझ्या वडलांचा ताप कुणा परक्यानं वेळेवर ओळखला असता, तर मी जन्मभर त्या माणसाचा हेवा केला असता, आणि तो आनंदानं केला असता.’

मेल बंद करून दिवसभर माशांच्या काचपेट्या धूत बसले.

हेवा गेला, असं मी म्हणणार नाही. तो आहे. तिच्याबरोबर वस्तीवर जावं, काम बघावं, असंही वाटतं, आणि तिच्या हाताखाली उभं राहायचं म्हटलं की जिवावर येतं. दिवाळीला मी येतेय, तिकीट काढलं. तेव्हा बघू काय होतं ते.

सिद्धूकाकाला सांग, मेंढरं सोडवताना हातमोजे घालायचे, आणि दूध उकळल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही. ती सांगत असेलच, तरी मीही सांगितलं म्हण.

आणि एक काम कर. इथं शेतावर वापरायचे रबरी बूट चांगले मिळतात, गुडघ्यापर्यंतचे. मेंढरांच्या वाड्यात चपला घालून फिरणं तिला बरं नाही. तिच्या पायाचं माप घेऊन कळव. तूच घे, मी विचारलं असं सांगू नकोस. लगेच तिला वाटेल, माझं मन निवळलं.

आप्पांना नमस्कार. मी येईपर्यंत औषध चुकवू नकोस, आणि माझ्या वाटणीची माया शिल्लक ठेव.

तुझी,
संस्कृती